काउबॉयच्या पिक्चरमध्ये कोण दिसलं, कोण दिसलं नाही

गेल्या अंकात 'मॅकेनाज गोल्ड'वर लिहिताना मी एवढंच म्हटलं होतं की त्यातल्या अपाची या अमेरिकन मूळनिवासी जमातीच्या मोठ्या भूमिका अपाची नसलेल्या नटांनी केल्या आहेत. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. म्हणून या महिन्यात मराठी चित्रपटांचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त काउबॉयच्या पिक्चरची पत्रं घेते आहे. काही पत्रं चिडून लिहिलेली आहेत, तीही घेतली आहेत. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही शाळा बुडवून मॅटिनीला काउबॉयचे पिक्चर बघितले. भाषा निम्मी कळायची नाही, पण घोडा, बंदूक आणि धूळ एवढ्यावर तिकिटाचे पैसे वसूल व्हायचे. आता माझी कॉलेजात जाणारी नात म्हणते, 'आजोबा, हे सगळे वंशद्वेषी पिक्चर आहेत.' ऐंशी वर्षांपूर्वीच्या पिक्चरला आजची फूटपट्टी लावायची का? तेव्हा काळच तसा होता.
— निवृत्त बँक कर्मचारी, राजारामपुरी

काका, नातीशी भांडू नका आणि पिक्चर बघणंही सोडू नका. मलाही ते मनापासून आवडतात. माझे वडील इथल्याच एका टॉकीजमध्ये बुकिंगच्या खिडकीवर बसायचे, त्यामुळे मॅटिनी आम्हा भावंडांच्या हक्काचा होता. 'स्टेजकोच'मध्ये (१९३९) एक अपाची स्वार धावत्या गाडीच्या पुढच्या घोड्यांवर झेप घेतो, गोळी लागून खाली पडतो आणि घोडे आणि गाडी त्याच्या अंगावरून निघून जातात. ते दृश्य बघताना आजही माझा श्वास अडकतो. तो पडणारा अपाची म्हणजे याकिमा कनट, गोरा स्टंटमन. त्याच दौडीत नायक जॉन वेनच्या जागी घोड्यांवरून उड्या मारणाराही कनटच. मारणारा आणि मरणारा, दोन्हीकडे एकच माणूस! त्याची हिंमत मोठीच. पण त्या दौडीत अपाचींना नाव नाही, संवाद नाही. त्यांनी घोड्यावरून पडायचं, एवढंच त्यांचं काम.

'काळच तसा होता' हे मात्र मला पटत नाही. मी जन्मभर इतिहास शिकवला. वर्गात हे वाक्य कुणी म्हटलं की मी विचारायची, कुणाचा काळ? चला, 'स्टेजकोच'च्या मागे जाऊ. १९१० मध्ये 'व्हाइट फॉन्स डिव्होशन' नावाचा एक छोटा मूकपट आला. दिग्दर्शक जेम्स यंग डीअर हा मूळनिवासी वंशाचा माणूस. फ्रेंच पाथे कंपनीचा लॉस एंजेलिसचा स्टुडिओ तो चालवत असे. त्याची बायको लिलियन सेंट सीर ही हो-चंक जमातीची, पडद्यावरचं नाव रेड विंग. सेसिल डमिलच्या पहिल्या मोठ्या चित्रपटात, १९१४ च्या 'द स्क्वॉ मॅन'मध्ये, मूळनिवासी नायिका तिनेच केली. त्याच सुमारास टॉमस इन्स या निर्मात्याने आपल्या स्टुडिओत लकोटा या मूळनिवासी जमातीच्या माणसांना कामावर ठेवलं होतं. ती तिथेच राहायची आणि पडद्यावर मूळनिवासींची कामं करायची. १९१९ मध्ये ऑस्कर मिशो या काळ्या लेखकाने 'द होमस्टेडर' काढला. त्याचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले, आणि त्याने स्वतः साउथ डकोटाच्या माळावर जमीन कसली होती. त्याच अनुभवावर त्याने कादंबरी लिहिली, तिच्यावरून हा पिक्चर. दुर्दैवाने त्याची प्रत आज कुठेच उरलेली नाही. १९३७ मध्ये हर्ब जेफ्रीज 'हार्लेम ऑन द प्रेअरी'मध्ये गाणारा काळा काउबॉय झाला. ते पिक्चर काळ्या प्रेक्षकांच्या वेगळ्या थेटरांसाठी निघायचे, कारण अमेरिकेत निम्म्या ठिकाणी एकत्र बसायचीच बंदी.

म्हणजे बघा, १९१० ला जे जमत होतं ते १९५० ला जमेना. स्टुडिओ मोठे झाले, पैसा वाढला, चेहरा विकाऊ हवा झाला. शिवाय १९३४ पासून हॉलिवूडने स्वतःवर घालून घेतलेली नियमावली कडक झाली. गोऱ्या आणि काळ्या माणसाचं प्रेम दाखवायचं नाही, हे तिच्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. नियम लिहिणाऱ्या माणसांना नावं होती, ऑफिसं होती. पाऊस पडावा तसं ते आकाशातून पडलं नव्हतं.

आपल्याकडचंच बघा. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके, कारण बायका मिळेनात. पण लगेच पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये फाळक्यांना दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई मिळाल्या. एवढ्यात काळ काय बदलला असेल? दोन बायका लोकांची बोलणी खायला तयार झाल्या आणि एका माणसाने त्यांना कॅमेऱ्यापुढे उभं केलं. इथे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनीही 'सैरंध्री'त (१९२०) स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनाच दिल्या. माणसं ठरवतात, काका. नात तेच म्हणते आहे. तिला शेजारी बसवून 'स्टेजकोच' बघा, दोघांनाही आवडेल.

प्रश्न : 'मॅकेनाज गोल्ड'मधले रेड इंडियन खरे नव्हते हे वाचून वाईट वाटलं. मग खरे कुठे होते? त्यांनी कधी काम केलंच नाही का?
— किराणा दुकानदार, गडहिंग्लज

आधी 'मॅकेनाज गोल्ड' (१९६९) संपवू. सुरुवातीला नकाशा जवळ बाळगणारा जखमी म्हातारा अपाची आठवतो ना, ज्याच्या मरणानंतर ग्रेगरी पेक नकाशा डोळ्याखालून घालून जाळून टाकतो? तो एदुआर्दो चानेली, जन्म इटलीतला. धिप्पाड हाचिता म्हणजे टेड कॅसिडी, पाण्यात उतरणारी हेश-के म्हणजे ज्युली न्यूमार, दोघेही गोरे अमेरिकन. मेक्सिकन डाकू कोलोराडो झालेला ओमर शरीफ इजिप्तचा. जाता जाता सांगते, त्या पिक्चरचं संगीत क्विन्सी जोन्सचं आहे, म्हणजे एका काळ्या संगीतकाराचं. आपल्याकडे ते गिधाडाचं गाणं गुणगुणणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

हे एकट्या 'मॅकेनाज गोल्ड'चं नाही. जॉन फोर्डच्या 'द सर्चर्स'मध्ये (१९५६) कोमांची सरदार स्कार झाला हेन्री ब्रँडन, जन्म बर्लिनचा, डोळे निळे. तंबूपुढे तो आणि जॉन वेन समोरासमोर छातीला छाती भिडवून उभे राहतात तो प्रसंग पुन्हा बघा. पुढे निळ्या डोळ्यांचा 'कोमांची', आणि मागे धुळीत गप्प उभे असलेले लोक खरे मूळनिवासी, पण तेही कोमांची नव्हेत, नवाहो. ॲरिझोना आणि युटाच्या सीमेवरची मॉन्युमेंट व्हॅली ही नवाहो लोकांची भूमी. फोर्ड तिथे शूटिंगला जायचा आणि तिथल्याच लोकांना घ्यायचा. एका पिक्चरमध्ये ते अपाची, दुसऱ्यात कोमांची, तिसऱ्यात शायेन. मंदीच्या वर्षांत त्या मजुरीवर तिथली घरं चालली, हेही खरं आहे, आणि फोर्डचा मान तिथे होता. पण चेहरा त्यांचा आणि नाव भलत्याचंच, हेही तितकंच खरं. १९६४ मध्ये म्हातारपणी फोर्डने मूळनिवासींची बाजू मांडायला 'शायेन ऑटम' काढला, त्यातही मोठ्या शायेन भूमिका मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्दो मोन्ताल्बान, गिल्बर्ट रोलंड, दोलोरेस देल रियो यांच्याकडे आणि न्यूयॉर्कच्या साल मिनियोकडे गेल्या. गर्दीतले 'शायेन' बोलतात ती भाषा नवाहो. तमिळनाडूतल्या शेतकऱ्यांचा पिक्चर काढावा आणि त्यांनी पडद्यावर अस्सल कोल्हापुरी बोलावं, तसं ते. ज्यांची गोष्ट आहे त्यांना लगेच कळणार, आणि ज्यांना विकायची आहे त्यांना कधीच नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. काम करणारे होते. जे सिल्व्हरहील्स हे नाव लक्षात ठेवा. कॅनडातल्या ऑन्टारियोच्या सिक्स नेशन्स वस्तीत जन्मलेला, मोहॉक जमातीचा, तरुणपणी लॅक्रॉस या खेळातला नावाजलेला खेळाडू. १९४९ पासून टीव्हीवरच्या 'द लोन रेंजर'मध्ये तो टोंटो होता. मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा, मालकाच्या एक पाऊल मागे राहणारा टोंटो. १९५० च्या 'ब्रोकन ॲरो'मध्ये त्याने अपाची लढवय्या जेरोनिमो केला. हा पिक्चर मूळनिवासींना माणूस म्हणून दाखवणारा म्हणून त्या वेळी फार वाखाणला गेला. त्यातला अपाची प्रमुख कोचीस मात्र केला ब्रुकलिनच्या जेफ चँडलरने. एका प्रसंगात जेरोनिमो तह मोडून निघून जातो. रंग फासलेला चँडलर शहाणा, समंजस, आणि समोर उभा असलेला खरा मोहॉक म्हणजे रागीट आणि हटवादी. ऑस्करचं नामांकन चँडलरला मिळालं. मी तो प्रसंग थांबवून थांबवून बघितला आहे. सिल्व्हरहील्सच्या चेहऱ्यावर जे आहे ते पटकथेत लिहून मिळत नाही.

पुढे सिल्व्हरहील्सने लॉस एंजेलिसमध्ये मूळनिवासी नटांसाठी अभिनयाची कार्यशाळा सुरू केली. त्याच्याबद्दलचं माझं सगळ्यात मोठं प्रेम या कामासाठी आहे. १९७० च्या 'लिटल बिग मॅन'साठी चीफ डॅन जॉर्जना ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि २०१९ मध्ये चेरोकी नट वेस स्टुडीला मानद ऑस्कर.

प्रश्न : मी बारावीला आहे. इन्स्टावर एक रील बघितलं की खरे काउबॉय काळे होते. हे खरं आहे का? मग पिक्चरमध्ये ते का नाहीत?
— विद्यार्थिनी, कसबा बावडा

सगळे नव्हते गं, पण पुष्कळ होते. टेक्सासातून उत्तरेला गुरांचे कळप हाकत नेणाऱ्यांत चारांत एक काळा असावा, असा अंदाज इतिहासकार नेहमी देतात. नॅट लव्हने तर १९०७ मध्ये आत्मचरित्रच लिहिलं. बास रीव्ह्ज गुलामगिरीत जन्मला आणि पुढे सरकारी मार्शल होऊन त्याने असंख्य गुन्हेगार पकडले. बिल पिकेटने धावत्या घोड्यावरून बैलाच्या शिंगांवर झेप घेऊन त्याला लोळवण्याचा खेळ प्रसिद्ध केला, तो आजही रोडिओत, म्हणजे काउबॉयच्या खेळांच्या स्पर्धेत, चालतो. आणि यांच्याही आधी मेक्सिकन गुराखी होते. दोराचा फास, खोगीर, पायांवरचं कातडी आवरण, ही सगळी विद्या त्यांची. तुझ्या रीलमध्ये हे नसणार, ते वहीत लिहून ठेव.

पिक्चरमध्ये ते का नाहीत, याचं उत्तर वरच्या काकांना दिलेल्या उत्तरात आहे. पण एक माणूस होता, आणि त्याच्याबद्दल मला तुला निवांत सांगायचं आहे. वुडी स्ट्रोड. सहा फूट चार इंच, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाचा फुटबॉलपटू. अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलमध्ये १९३३ नंतर काळ्या खेळाडूंना घेणं बंद झालं होतं. १९४६ मध्ये केनी वॉशिंग्टन आणि स्ट्रोड यांनी ते दार पुन्हा उघडलं. नंतर तो सिनेमात आला. जॉन फोर्डच्याच १९६० च्या 'सार्जंट रटलेज'मध्ये तो काळ्या सैनिकांच्या घोडदळातला सार्जंट आहे. गोऱ्या मुलीवर अत्याचार आणि दोन खून, असा आळ त्याच्यावर येतो आणि लष्करी न्यायालयात खटला चालतो. पळून जायची संधी मिळालेली असताना तो आपल्या तुकडीला धोक्याची सूचना द्यायला परत येतो. का परत आलास, असं न्यायालयात विचारल्यावर तो जे बोलतो ते तू स्वतः ऐक, मी सांगत नाही. अख्खा पिक्चर त्याच्या खांद्यावर आहे, आणि टायटलमध्ये पहिलं नाव जेफ्री हंटरचं, त्याच्या गोऱ्या वकिलाचं. आणखी एक गोष्ट डोळ्यात खुपते. रटलेजची तुकडी लढते ती अपाचींशी. एका दबलेल्या माणसाला मोठं करायला दुसऱ्या दबलेल्याला पुन्हा गोळी घालावी लागली. पुढच्याच वर्षी 'टू रोड टुगेदर'मध्ये फोर्डने खुद्द स्ट्रोडलाच कोमांची केलं.

त्यानंतरचा 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' (१९६२). यात तो पॉम्पी आहे, जॉन वेनचा नोकर. वकील झालेला जेम्स स्ट्युअर्ट गावात साक्षरतेचा वर्ग चालवतो. पॉम्पी उभा राहतो, मागे भिंतीवर लिंकनची तसबीर, आणि तो अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हणू लागतो. 'सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत' या वाक्यापाशी येऊन अडखळतो, आठवत नाही. स्ट्युअर्ट म्हणतो, असू दे, ते वाक्य बरेच जण विसरतात. लगेच वेन येतो आणि पॉम्पीला कामाला पिटाळतो. गावात मतदान होतं तेव्हा सगळे पुरुष आत आणि पॉम्पी बाहेर बसलेला. वेन दारूच्या नशेत असताना पॉम्पी त्याला न्यायला येतो तर बारवाला पॉम्पीला दारू द्यायला तयार नाही.

या प्रसंगाला मला दर वेळी आपलं कोल्हापूर आठवतं. गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत कामाला होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढून दिलं, पण तिथे चहा प्यायला कोण येणार? तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायचे आणि सोबतच्या अधिकाऱ्यांनाही प्यायला लावायचे. हे १९६२ च्या कितीतरी आधीचं. त्या गावात पॉम्पीसाठी शेवटपर्यंत कुणी गाडी थांबवली नाही. वेन रागावून म्हणतो, घे पॉम्पी, तुझी तू ओत. पॉम्पी घेत नाही.

शेवट सांगून टाकते, साठ वर्षं झाली. लिबर्टी व्हॅलन्स या गुंडाला मारल्याचं श्रेय स्ट्युअर्टला मिळतं आणि तो सेनेटर होतो. खरी गोळी वेनची. पण त्या अंधाऱ्या गल्लीत वेनच्या हातात रायफल फेकतो पॉम्पी. श्रेय कुणाचं यावर अख्खा पिक्चर आहे, आणि पॉम्पीचं नाव त्या चर्चेत येतच नाही. फोर्डला हे दिसत होतं की नव्हतं, यावर माझं मत स्पष्ट आहे, त्याला दिसत होतं. नाहीतर ती तसबीर, ते विसरलेलं वाक्य, तो बाहेरचा कट्टा त्याने एकाच पिक्चरमध्ये ठेवला नसता.

प्रश्न : बायकांबद्दल तुम्ही कधी लिहिणार? सगळ्या पिक्चरमध्ये एक गोरी शिक्षिका आणि एक सलूनमधली, म्हणजे दारूच्या गुत्त्यातली बाई.
— वाचक, इचलकरंजी

ताई, तुमचं निरीक्षण अचूक आहे. गोरी नसलेली बाई आली की तिच्या वाट्याला काय येतं, तेवढंच आज सांगते. बहुतेक वेळा मरण. 'ब्रोकन ॲरो'त जेम्स स्ट्युअर्ट अपाची मुलीशी लग्न करतो, आणि ती मारली जाते. तिचं काम केलं होतं गोऱ्या डेब्रा पॅजेटने, तरीसुद्धा पडद्यावर तिला नांदू दिलं नाही. 'द सर्चर्स'मध्ये लुक नावाची जाडजूड मूळनिवासी बाई आहे. नायकाचा साथीदार सौदा करताना चुकून तिच्याशी लग्न लावून बसतो. रात्री ती त्याच्या शेजारी येऊन झोपते तर तो तिला लाथ मारून उतारावरून खाली ढकलतो, आणि जॉन वेन खदाखदा हसतो. मॅटिनीला आमच्या थेटरातही हशा पिकायचा. काही वेळाने ती सैनिकांनी जाळलेल्या वस्तीत मेलेली सापडते. मग मात्र संगीत गंभीर होतं. मला या पिक्चरमधल्या बाकी सगळ्याबद्दल बोलता येतं, पण ती लाथ मी माफ करू शकत नाही.

आणि म्हणून 'हाय नून'मधली (१९५२) हेलन रामिरेस बघा. मेक्सिकन नटी काती हुरादो. गावातलं दुकान तिच्या मालकीचं, सलूनमध्ये तिची भागीदारी. ती कुणाची वाट बघत बसत नाही, धंदा विकते, पैसे मोजून घेते आणि ताठ मानेने स्टेशनला जाते. नायकाच्या गोऱ्या बायकोला, ग्रेस केलीला, ती सरळ विचारते की तू त्याला सोडून कशी काय निघालीस? या कामासाठी हुरादोला गोल्डन ग्लोब मिळालं, आणि दोन वर्षांनी 'ब्रोकन लान्स'साठी ऑस्करचं नामांकन. त्यानंतर तिला भूमिका कुठल्या मिळाल्या? कुणाची तरी आई, नाहीतर कुणाची तरी बायको.

प्रश्न : रेल्वे चिनी मजुरांनी बांधली असं वाचलं. पिक्चरमध्ये तर चिनी माणूस फक्त स्वयंपाकी.
— रेल्वे कर्मचारी, मिरज

बरोबर वाचलंत. पश्चिमेकडून आलेला सेंट्रल पॅसिफिकचा मार्ग मुख्यतः चिनी मजुरांनी सिएरा नेवाडाच्या खडकातून फोडून काढला. १० मे १८६९ ला युटामध्ये दोन्ही मार्ग जुळले. १८८२ मध्ये त्याच देशाने चिनी मजुरांना येण्याची बंदी करणारा कायदा केला. पडद्यावर उरला तो वेणीवाला आचारी.

प्रश्न : तुम्हाला प्रत्येक गोष्टीत जात आणि वर्ण कसा दिसतो? पिक्चर करमणुकीसाठी असतो. 'मॅग्निफिसंट सेव्हन' बघा, त्यात कुठे आहे हे सगळं?
— वाचक, कागल

भाऊ, बरं झालं तुम्ही नेमका तोच पिक्चर (१९६०) काढलात. त्याची सुरुवात आठवा. सीमेवरच्या गावात ओल्ड सॅम नावाचा मूळनिवासी मरून पडलाय. एक परगावचा विक्रेता त्याच्या दफनाचे पैसे द्यायला तयार आहे, पण गावातले काहीजण म्हणतात, आमच्या दफनभूमीत हा नको. शववाहिकेचा गाडीवान नोकरी सोडून पळालाय. तेव्हा यूल ब्रिनर लगाम हातात घेतो, स्टीव्ह मॅक्वीन बंदूक घेऊन शेजारी बसतो, आणि दोघं गोळ्यांच्या माऱ्यातून ती गाडी टेकडीवर नेतात. दोन नायकांची ओळख या पिक्चरने करून दिली ती याच प्रसंगातून. मी कुठे काही शोधायला गेले? ज्या महाराष्ट्रात अजूनही गावागावांत स्मशानं वेगळी आहेत, तिथल्या प्रेक्षकाला हे दिसलं नाही तर मला काळजी वाटेल.

आणि तरीही त्याच पिक्चरमध्ये ओल्ड सॅमचा चेहरा आपल्याला दिसत नाही. मेक्सिकन डाकू काल्व्हेरा म्हणजे ब्रुकलिनचा ईलाय वॉलॅक, मेक्सिकन पोरगा चिको म्हणजे बर्लिनचा होर्स्ट बुखहोल्ट्स. शूटिंग मेक्सिकोत झालं आणि तिथल्या सरकारचा माणूस सेटवर लक्ष ठेवून होता. आधीच्या अमेरिकन पिक्चरमध्ये आपली माणसं मळकट दाखवली याचा तिथे राग होता. गावकऱ्यांचे कपडे सदैव पांढरेशुभ्र दिसतात ते त्यामुळे. करमणूक तुमचीही झाली, माझीही झाली. मेक्सिकोच्या लोकांना मात्र आपल्या धोतरासदऱ्यासाठी भांडावं लागलं.

प्रश्न : आम्ही मित्र पारधी कुटुंबावर शॉर्ट फिल्म करतोय. ग्रुपमध्ये पारधी कुणी नाही. मेकअपने चेहरे काळे करून आम्हीच रोल केले तर चालेल का? कॅमेरा एका दिवसासाठी भाड्याने घेतलाय.
— तरुण वाचक, शाहूपुरी

नाही चालणार, बाळा. कॅमेऱ्याचं भाडं बुडालं तरी थांब.

वर एवढं सगळं लिहिलं ते याचसाठी. पारध्यांवर इंग्रजांच्या १८७१ पासूनच्या कायद्याने जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला, तो १९५२ मध्ये निघाला. पण सिनेमात अजून पारधी आला की चोरच असतो. तुमच्या शाहूपुरीला ज्यांचं नाव आहे त्यांनी फासेपारध्यांना नोकरीत घेतलं होतं. तुम्ही निदान त्यांच्या वस्तीवर जा. गोष्ट वाचून दाखवा, आणि कुठलं वाक्य खोटं वाटतं ते त्यांनाच विचारा. ज्याला घ्याल त्याला मजुरी द्या, नुसता वडापाव नको. 'डान्सेस विथ वुल्व्हज'मध्ये (१९९०) लकोटा भाषा शिकवायला लकोटा शिक्षिका होती, तिने पिक्चरमध्ये कामही केलं. तरी मध्यभागी गोरा सैनिकच राहिला, म्हणून भाषा बरोबर आली की काम संपलं असंही नाही. कॅमेरा कुणाच्या खांद्यामागे उभा आहे ते बघा.

'फँड्री' (२०१३) बघितला असशील. सोमनाथ अवघडे हा मुलगा कुठल्या अभिनयशाळेतून आला नव्हता. पकडलेलं डुक्कर उचलून नेताना मागच्या शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई दिसतात तो शॉट आठव, आणि मग पॉम्पीच्या मागची लिंकनची तसबीर बघ. नागराज मंजुळेंनी ती बघितली होती का, हा प्रश्नच नाही. अशा भिंती दोन्ही देशांत आहेत.

प्रश्न : सुरुवात कुठून करू?
— गृहिणी, मंगळवार पेठ

'व्हाइट फॉन्स डिव्होशन' दहा-अकरा मिनिटांचा आहे आणि इंटरनेटवर फुकट मिळतो, कुकर होईपर्यंत बघून होईल. मग 'हाय नून', मग 'सार्जंट रटलेज'. शेवटी 'बक अँड द प्रीचर' (१९७२), सिडनी पॉइटियरने दिग्दर्शित केलेला पहिला पिक्चर. गुलामगिरीतून सुटून पश्चिमेला निघालेल्या काळ्या कुटुंबांची गोष्ट आहे, सोबत हॅरी बेलाफॉन्टे आणि रूबी डी. तिघांचंही काम बघत राहावं असं. त्यात मूळनिवासी प्रमुख एक मेक्सिकन नट आहे आणि त्याची दुभाषी बायको आहे बेलाफॉन्टेची तेव्हाची गोरी पत्नी ज्युली रॉबिन्सन. तेवढं लक्षात ठेवून बघा, आणि तुम्हाला आणखी काय दिसलं ते मला लिहा. पुढच्या अंकासाठी पत्रं २० तारखेपर्यंत पोचू द्या.